देठ सोडणारी मिरची

सरकारी चाचणी-शेताच्या फाटकातून आत शिरताना मी मिरवायच्या तयारीत होते. शाळा बुडवली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि मनातल्या मनात अख्ख्या वर्गाला सांगूनही झालं होतं की आमच्या आईच्या मिरचीची सरकार परीक्षा घेतंय आणि ती पहिली येणार आहे.

आमची मिरची साधीसुधी नाही. तोडायला गेलं की देठ झाडावरच राहतो आणि मिरची तेवढी अलगद हातात येते. ज्यांनी कधी मिरचीचे देठ खुडले नाहीत त्यांना यात काय मोठं ते कळायचं नाही. आई लग्नाआधी मसाल्याच्या कारखान्यात दिवसभर तेच करायची. बोटं इतकी भगभगायची की झोपताना हात उशीपासून लांब, हवेत ठेवायची म्हणे, चुकून डोळ्याला लागू नये म्हणून. पुढे आमच्या रोपवाटिकेत एका झाडाची मिरची अशी आपणहून हातात आली, तेव्हा ती वाफ्यातच मटकन बसली. त्या एका झाडापासून निवडत निवडत तिने हे वाण पक्कं केलं. मी पहिलीत असल्यापासून हेच बघतेय. बियाण्याच्या झाडांवर जाळी, म्हणजे मधमाशी दुसऱ्या मिरचीचा पराग आणणार नाही. आणि वेगळं दिसेल ते झाड मुळासकट उपटून बाहेर. नाव ठेवलं 'सुटी'. बाबा म्हणाले, "शाळेची सुट्टी वाटते." आई म्हणाली, "वाटू दे. देठ खुडणाऱ्या बायकांची सुट्टीच आहे ती."

या वाणावर आईचा हक्क नोंदवायचा होता. तो मिळाला की तिला विचारल्याशिवाय कुणी 'सुटी'चं बी विकू शकत नाही. नाही मिळाला, तर कुणीही उठावं आणि आपलं म्हणून बाजारात मांडावं. आणि अर्ज एकदाच करता येणार होता, कारण गेल्या हंगामात आम्ही 'सुटी'ची थोडी रोपं विकली होती. एकदा वाण विकलं की वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तो वेळेत केला होता, सोबत चाचणीसाठी बियाण्याचा नमुनाही दिला होता, पण आता हा फेटाळला गेला असता तर दुसरा करायला वर्ष उरलंच नव्हतं.

शेतावरच्या अधिकारी बाईंचं नाव मी लगेच फूटपट्टीबाई ठेवून टाकलं. त्या मिरची मोजत, पान मोजत, दोन पानांमधलं अंतर मोजत. मी जरा जास्त वेळ उभी राहिले असते तर माझं नाकही मोजलं असतं.

"तुमच्या वाणात एकसारखेपणा नाही," त्या आईला म्हणाल्या. "शेकड्यात एखाददुसरं झाड वेगळं निघालं तर चालतं. इथे बघा, दर तिसरं झाड वेगळं."

आई ओळीतून चालत गेली. एक मिरची ओढली, देठ सोडून हातात आली. दुसरी तशीच. तिसरी ओढली तर देठ, पान आणि फांदीचं टोक, सगळं वरातीसारखं सोबत आलं. जाडजूड, तुकतुकीत मिरची. आईने ती तळहातावर ठेवली आणि बघत राहिली.

"माझ्याच निवडीत खोट राहिली असेल," ती म्हणाली.

"फेटाळायची शिफारस करावी लागेल, ताई. आठवड्याने सुनावणी आहे, तिथे बोला काय ते."

घरी आल्यावर आईने ती जाडजूड मिरची केवढी ते हाताने दाखवलं. बाबा म्हणाले, "सरकारी लोक असेच! त्यांना मिरचीतलं काय कळतं?" आणि लगबगीने पाणी सोडायला गेले. मला ती लगबग आवडली नाही, पण तेव्हा माझा सगळा राग फूटपट्टीबाईंसाठी राखून ठेवलेला होता.

पुढचे दिवस आई जाळीखालची झाडं एकेक करून तपासत होती. जेवायला हाका माराव्या लागत होत्या. एकदा म्हणाली, "अर्ज मागे घेऊ या का? फेटाळला म्हणण्यापेक्षा बरं." माझी आई! जिने बाजारात वजनात मारणाऱ्या माणसाचा काटा त्याच्याच डोक्यावर ठेवला होता, ती!

आणि मग शाळेतून येताना आमच्या फाटकाशी माझी सायकल आपोआप थांबली. तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांत मिरचीची झाडं उभी असतात. ती बाबांची. त्यांचा हात जिवंत रोप फेकायला धजत नाही. आईने उपटून टाकलेली वेगळी झाडं ते गुपचूप उचलून डब्यात लावतात. "बिचाऱ्याने काय पाप केलंय?" आई हसून सोडून द्यायची, कारण तिचं बी जाळीत असतं, डबे फाटकाशी राहिले तर बिघडत काय? त्या झाडांना मिरच्या लागल्या होत्या. जाडजूड, तुकतुकीत. मी एक ओढली. देठासकट आली.

बाबा शेडमध्ये रोपांचे ट्रे भरत होते.

"बाबा, नमुन्याचं बी सरकारी ऑफिसात तुम्ही नेऊन दिलं ना?"

"हो. का गं?"

"त्यात डब्यातल्या झाडांचं मिसळलं?"

"मिसळलं काय म्हणतेस! मी काय भेसळ करणारा माणूस आहे?" ते ट्रेकडे बघत म्हणाले. "भर घातली. आईने बांधलेलं बी किती बारीक, किडूकमिडूक होतं. सरकारकडे द्यायचं तर डोळ्यात भरेल असं नको? आपल्या घरातून कधी कुणाला बारकं रोप दिलंय का मी? गिऱ्हाईक असो नाहीतर पाहुणा, समोरच्याला द्यायचं ते ट्रेमधलं टपोरं. आणि मिरची तीच की! एकाच आईची लेकरं. यांनी जरा अंग धरलंय, एवढंच."

"बाबा, ते वाण होतं! टपोरं बाळ नाही निवडायचं होतं!"

"ओरडू नकोस."

"तुम्हाला कधी कळलं?"

ते ट्रेमधली माती दाबत राहिले.

"आई शेतावरून आली त्याच दिवशी ना? तिने हाताने दाखवलं केवढी मिरची ते, तेव्हाच ना?"

"तिला नको सांगू," ते हळू म्हणाले. "मी बघतो काहीतरी."

आता सांगते, मला त्यांच्या चुकीचा एवढा राग नव्हता आला. माणूस चुकतो, आणि बाबा तर मन मोठं करूनच चुकतात नेहमी. पण आई रोज जाळीखाली वाकून स्वतःच्या नजरेवरचा विश्वास घालवत होती आणि हा माणूस शेजारी ट्रे भरत होता!

"काय बघणार तुम्ही? ती अर्ज मागे घेतेय! तुमची इज्जत राहावी म्हणून तिने स्वतःला आंधळी समजायचं? तुम्ही सांगता का मी सांगू?"

कुणी सांगायची गरज पडली नाही. माझा आवाज मुळात प्रार्थनेच्या मैदानासाठी घडवलेला आहे. आई शेडच्या दारात उभी होती, गुडघ्यांना माती लागलेली.

"चार दिवस," ती बाबांना म्हणाली, "चार दिवस मी माझ्या हाताला शिव्या देतेय. तुम्ही मला पाणी आणून देत होतात. वर विचारत होतात, दमलीस का."

"अगं, मला वाटलं..."

"सुनावणीला तुम्ही यायचं. आणि जे हिला सांगितलंत ते तिथे तुमच्या तोंडाने सांगायचं. सगळं. भर घातली म्हणून."

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल आणि घरघरणारा पंखा. मोठे साहेब, फूटपट्टीबाई, आम्ही तिघं. बाबांनी सांगितलं. मान वर न करता, पण सांगितलं. साहेबांना हसूच आवरेना.

"भर घातली? वा! माप कमी देणारे पुष्कळ पाहिले." मग हसू पुसून आईला म्हणाले, "बाई, घरातल्या घरात तुम्हाला बी सांभाळता येत नाही. मग हे वाण स्थिर आहे, तुमचं आहे, हे आम्ही कशावरून मानायचं?"

आईचा चेहरा उतरला. बाबांचा तर केव्हाच उतरलेला होता. मी उठले. मागच्या वर्षीची मी असते तर बाकाखाली शिरले असते, पण यंदा मी वादविवादात शाळेचं नाक राखलंय.

"साहेब, चूक बाबांच्या हाताची आहे, मिरचीची नाही! जाड मिरचीची झाडं बाजूला काढा आणि उरलेली एकसारखी आहेत की नाही ते बघा. मी कशाला सांगू, या फूटपट्टीबाईंना विचारा ना!"

आईने माझा शर्ट खाली ओढला.

"कोणाला?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला," मी म्हणाले. आता माघार कसली घ्यायची!

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझं नाक खरंच मोजलं गेलं. मग त्या साहेबांकडे वळल्या. "बारीक मिरचीच्या झाडांची मापं मी वेगळी घेतली आहेत, सर. त्यांच्यात फरक नाही. देठ सगळ्यांचा सुटतो."

साहेबांनी बराच वेळ कागद उलटेपालटे केले. शेवटी म्हणाले, अर्ज जुन्याच तारखेचा राहील. नमुना एकदाच बदलून मिळेल, तोही अर्जदाराने स्वतः, अधिकाऱ्यासमोर काढलेला. चाचणी पहिल्यापासून. "पुन्हा मिसळ निघाली तर विषय संपला. मग कुणाचं ऐकणार नाही, हिचंसुद्धा." हिचं म्हणजे माझं.

नमुना काढायला फूटपट्टीबाई आमच्याकडे आल्या तेव्हा आईने बाबांना रोपवाटिकेच्या बाहेर उभं केलं.

"बघा हं," बाबा कुंपणावरून म्हणाले, "जरा बऱ्यापैकी बघून..."

"एक शब्द नाही!" आई एवढ्या जोरात ओरडली की माझा आवाज कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं. "हे वाण बारीक आहे! बी बारीक आहे म्हणूनच ते माझं आहे! तुम्हाला लाज वाटत असेल तर तिकडे तोंड करून उभे राहा!"

बाबांनी खरंच रस्त्याकडे तोंड केलं.

"आणि तूही जा बाहेर," आई मला म्हणाली.

"मी काय केलं?"

"बडबड."

म्हणून मीही कुंपणाबाहेर. बाबांपासून चांगली लांब. ते म्हणाले, "आपण दोघं वर्गाबाहेर काढलेली पोरं." चांगला विनोद होता. मी हसले नाही.

आत आईने जाळी उचलली, मिरच्या फोडल्या, बी कागदावर पसरून बाईंना दाखवलं, पुडी बांधली. बाईंनी लाख वितळवून मोहोर मारली. मग दोघी बाहेर आल्या. बाबांनी सवयीने हात पुढे केला. "द्या, मी पोचवतो."

आई त्या हाताला वळसा घालून पुढे गेली आणि पुडी मांडीवर धरून बाईंच्या स्कूटरवर मागे बसली.