मागच्या बाकाचा आखूड पाय

टक. टाळी. मध्ये रिकामी जागा. पुन्हा टाळी. आणि परत टक.

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. त्यातली टाळी माणसांची होती आणि टक माझ्या पायाची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मेकन गावात, ओक्मल्गी नदीच्या अलीकडे एक लहानसं चर्च आहे. त्या चर्चचा सगळ्यात मागचा बाक बोलतोय मी.

मला डीकन थॅडियस यांनी बनवलं. चर्चचा कारभार बघणारे हे गृहस्थ सुतारकामही करायचे. चांगल्या फळ्या पुढच्या बाकांना लागल्या. उरल्यासुरल्यातून मी झालो. माझा एक पाय बोटभर आखूड राहिला. डीकनच्या ते लक्षात आलं होतं. "मागे बसणाऱ्यांना काय कळतंय!" ते म्हणाले आणि हात झटकून निघून गेले. मी ऐकलेलं माणसाचं पहिलं वाक्य हे. तेव्हापासून माणसांबद्दलचं माझं मत फारसं सुधारलेलं नाही.

पुढचे बाक माणसांची तोंडं ऐकतात. माझ्याकडे माणूस येतो तो बुडाने, आणि बुडाला सोंग आणता येत नाही. प्रार्थना चालू असताना कोणाचा जीव जेवणात अडकलाय आणि कोण शेजारणीकडे सरकतंय, हे मला देवाच्याही आधी कळतं.

आमच्याकडे चुकलेल्या माणसाला मागे बसवायची पद्धत होती. म्हणजे माझ्यावर. तिथे बसलेल्याने गायचं नाही, टाळी वाजवायची नाही, उठून बोलायचं नाही. पुढे जाऊन गुडघे टेकून, रडून माफी मागितली की सुटका.

एकदा दोघांना एकदमच बसवलं. व्हर्लीन टोल्बर्ट शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि डेलमर पिंकनी ड्रम वाजवायचा. गुन्हा एकच होता. शनिवारी रात्री नाचाच्या हॉलमध्ये तो वाजवत होता आणि ती नाचत होती. डीकननी त्यांना तिथे पाहिलं. डीकन स्वतः तिथे कशाला गेले होते, हे विचारायचं सबंध चर्चमध्ये एकालाही सुचलं नाही.

"माफी माग, पोरी," पास्टर म्हणाले.

"नाचले मी. कोणाचं काय मोडलं?" व्हर्लीन म्हणाली, आणि माझ्यावर येऊन बसली ती बसलीच.

हात मांडीवर ठेवून ती बसायची, पण गाणं सुरू झालं की तिचं अंग गप्प राहायला तयार नसे. सगळ्या चर्चच्या टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायच्या. पहिली मात्रा मोकळी असायची. तिथे कोणाचाच हक्क नव्हता. व्हर्लीनने तिथे आपली टाच ठेवली. तिचा भार हलायचा आणि माझा आखूड पाय जमिनीवर आपटायचा. टक.

चर्चमधल्या वडीलधाऱ्या, पांढऱ्या कपड्यातल्या मदर युला शिस्त बघायच्या. त्या तरातरा आल्या.

"टाळी बंद म्हणून सांगितलंय ना तुला?"

"हात बघा मदर, मांडीवर आहेत."

"मग हे वाजतंय काय?"

"बाक. डीकनना विचारा, त्यांनीच केलाय."

पुढच्या बायकांनी पंखे तोंडावर धरले. डीकन लाल डोळे करून आले. मयताची व्यवस्था करणाऱ्या दुकानाचे कागदी पंखे चर्चमध्ये फुकट यायचे. त्यातला एक दुमडून त्यांनी माझ्या पायाखाली सारला. गाणं सुरू होताच व्हर्लीनने बुटाच्या टोकाने तो बाहेर काढला. मग दर रविवारी हेच. त्यांनी सारायचा, हिने काढायचा.

डेलमर शेजारी बसून ऐकत होता.

"अगं, परत कर ना."

"काय?"

"ते. टाळीच्या आधीचं."

"एवढा वाजवणारा तू, तुला येत नाही?"

"आम्ही सगळे टाळीवरच मारतो. असं कोणी मारत नाही."

त्याने करून पाहिलं. गडी दर वेळी घाई करायचा. तिने त्याच्या गुडघ्यावर तळवा दाबून धरला. "थांब. थांब की रे. आता!" असं करत करत तिने त्याला शिकवलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी त्याचं अंग माझ्यावर स्थिर झालं. माणसाचं इतकं खरं वजन मी क्वचितच तोललंय.

पुढच्याच रविवारी तो पुढे गेला आणि रुमाल भिजेपर्यंत रडला. माफी मिळाली. शनिवारी तो पुन्हा हॉलमध्ये हजर.

मग एका उन्हाळ्यात समोरच्या न्हाव्याच्या उघड्या दारातून रेडिओवरचं एक गाणं आलं. त्याचं नाव मी घेत नाही, आमच्या चर्चमध्ये ते घेत नाहीत. पण माझा पाय मी ओळखणार नाही का? माझी टक आता डेलमरच्या मोठ्या ड्रमवर होती. त्यावर बाजा, गिटार आणि कॉर्नेल ब्रासवेल नावाच्या गायकाच्या किंकाळ्या. देशभरातले लोक व्हर्लीनच्या टाचेवर नाचायला लागले. मदर युलासुद्धा मान डोलवायच्या, आणि कोणी बघितलं की मानेला रग लागल्याचं सांगायच्या.

त्यानंतर जे भांडण लागलं, ते ऐकून मला लाकूड असल्याचं समाधान वाटलं. ब्रासवेल म्हणाला, हा ठेका मला स्वप्नात देवाने दिला. ज्याच्या स्टुडिओत गाणं झालं तो हॅडली म्हणाला, ड्रमवाल्याला मीच टेबलावर वाजवून दाखवला. दोघे जन्मभर वर्तमानपत्रांतून एकमेकांना खोटारडा म्हणत राहिले. त्याबाबतीत दोघेही खरं बोलत होते. शेवटी भांडण पोरांच्या हवाली करून दोघे मेले.

आणि डेलमर? तो एकदा म्हणाला, आगगाडीच्या चाकांतून सुचलं. एकदा म्हणाला, पत्र्यावरच्या पावसातून. एकदा म्हणाला, आजी मका कुटायची त्यातून. त्याची आजी माझ्यावर बसलेली आहे. तिने आयुष्यात डेलमरखेरीज काहीही कुटलेलं नाही.

नव्या पास्टरने व्हर्लीनची शिक्षा उठवली. ती उठली नाही. "सवय झालीय," म्हणाली. तिने कधी कुठे तक्रार केली नाही. एकदाच मदर युलांना म्हणाली, "मला काही नको. एकदा चारचौघांत त्याने माझं नाव घ्यावं. बस."

पुढे चर्चमध्ये गादीच्या खुर्च्या आल्या. मला परसात, पेकनच्या झाडाखाली आणून टाकलं. मासे तळायची कढई शेजारी असते. माझ्यावर तेल सांडतं, पोरं पीचचा गोड रस पुसतात. ज्यांचे बाप माझ्यावर बसून घाम पुसत होते, ते आता मला बघून "फेकून द्या हो" म्हणतात. द्या फेकून. जाळा पाहिजे तर. एकच सांगणं आहे, असेपर्यंत माझ्या पायाखाली काही सारू नका.

हे आज बोलायचं कारण गेल्या रविवारी घडलं. चर्चच्या वार्षिक जेवणाला डेलमर आला. गाव त्या गाण्याच्या आठवणीचा दगड उभारतंय आणि भांडणाऱ्यांपैकी जिवंत असा तो एकटाच उरलाय. समितीची एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्या मागे होती. माशांची कागदी ताटली घेऊन तो माझ्यावर बसला. वाळलाय पार, पण बूड तेच. एका अंगाला कललेलं, पळायच्या तयारीत.

"सर, दगडावर एकच वाक्य बसेल," मुलगी म्हणाली. "हा ठेका तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलात?"

"त्याचं असं आहे पोरी..." त्याने बोटं पुसली.

जेवण वाढत असलेली व्हर्लीन डाव ठेवून आली आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसली. टक.

डेलमर थांबला.

"काय रे, आज कोण? आजी की आगगाडी?" तिने विचारलं. कढईपाशी बायका हसल्या.

"व्हर्लीन, जुन्या गोष्टी कशाला..."

"ती जुनंच विचारतेय. सांग, कोणी शिकवलं? घाबरू नकोस, मी कोर्टात जात नाही. माझा वकील तिकडे मासे तळतोय." मग हळू आवाजात म्हणाली, "नाव घे, डेलमर. एवढंच."

त्याचं अंग माझ्यावर स्थिर झालं, त्या जुन्या दिवशी झालं होतं तसंच. मला वाटलं, आता घेतो. मी, ज्याने आयुष्यभर माणसांची बुडं ओळखली, तोही फसलो.

त्याने उरलेला मासा गवतात टाकला. ताटलीची घडी घातली. वाकून ती माझ्या आखूड पायाखाली नीट सारली. टोपी घातली आणि उठला.

व्हर्लीन त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने बुटाच्या टोकाने ताटली बाहेर ओढली आणि टाच टेकवली.

टक. कढईपाशी कोणाला तरी राहवलं नाही. टाळी. रिकामी जागा. टाळी. टक.

डेलमर खडीवरून गाडीकडे चालला होता. त्याचा डावा पाय बरोबर माझ्या टकेवर पडत होता. ते त्याच्याही लक्षात आलं. तो क्षणभर अडखळला, मुद्दाम पाऊल बदललं, आणि मागे न बघता निघून गेला.