दोनशे समाधानी पेशंट

दवाखान्याच्या काउंटरवर मी बसते. नंबर देणं, फायली शोधणं आणि "डॉक्टर कधी येणार?" याला दिवसभर तोंड देणं, हे माझं काम. त्यात वरून फर्मान आलं: ब्लडप्रेशरची नवी गोळी चालू ठेवायची की नाही, ते पेशंटना आणि डॉक्टरांना विचारून ठरवा. पेशंटचे दोनशे फॉर्म, डॉक्टरांचे बारा. मुदत शुक्रवारपर्यंत.

एकेका फॉर्मवर प्रश्न चोवीस! एका आजींना विचारायला घेतलं, तर तिसऱ्या प्रश्नालाच त्या सुनेवर घसरल्या. म्हटलं, मरो ते. मीच बसले आणि 'चक्कर येते का?' पुढे 'नाही' ठोकत सुटले. संशय नको म्हणून अधूनमधून दहाबारा जणांना थोडी चक्कर आणली. डॉक्टरांनी तर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते माझ्याच टेबलावर टाकले. "भरा हो तुम्हीच, तुम्हाला सगळं ठाऊक असतं." अहवालात आलं, पेशंट आणि डॉक्टरांचं विलक्षण एकमत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

तीन महिन्यांनी माझी आई बाथरूममध्ये पडली. मनगट मोडलं. तिलाही तीच गोळी चालू होती.

"डॉक्टर, गोळी सुरू झाल्यापासून तिला गरगरतं. बदलून द्या."

"वयामुळे होतं ते. दोनशे पेशंटना विचारलंय आपण. त्यांच्यापुढे एकट्या आईंचं काय धरायचं?"

आपलेच दात, आपलेच ओठ! आई शेजारी प्लास्टरमधला हात सांभाळत बसली होती. तिच्याकडे बघवेना.

"ते दोनशे मीच आहे, डॉक्टर."

त्यांचं पेन थांबलं. "आणि बाकीचे अकरा डॉक्टर?"

"तेही मीच."

त्यांनी उठून दार लोटलं. आईची गोळी मुकाट्याने बदलली. "हे आपल्यातच राहू दे."

"आणि बाहेर बसलेत त्यांचं काय?"

"त्यांची कुठे तक्रार आहे?"

माझं डोकंच सणकलं. कपाटातून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढला आणि बाकावरच्या पहिल्याच आजोबांसमोर जाऊन बसले.

"आजोबा, खरं सांगा. चक्कर येते का?"

"येते की, रोज. पण दोनशे जणांना येत नाही म्हणे. मग म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."