करळाखालचा चिखल

चारकोपच्या सागरछाया सोसायटीत नवी भेग दिसली, की सीताराम परबांचं नाव निघायचं. इमारत पश्चिमेकडे कलली होती. जिन्याच्या पायऱ्या भिंतीपासून सुटत होत्या, आणि स्वयंपाकघरात सांडलेलं तेल सगळ्यांकडे एकाच कोपऱ्यात जमायचं. कारणही सगळ्यांकडे एकच होतं : परबांनी सिमेंट खाल्लं. बांधकामावर ते मुकादम होते आणि पुढे तळमजल्यावर राहायलाही आले. पुरावा पस्तीस वर्षांत कुणी मागितला नाही. नाव मिळालं की लोकांचं भागतं.

तिसऱ्या मजल्यावरचे नंदकुमार वैद्य मात्र मानाचे. भूशास्त्रज्ञ माणूस. बांधकामाआधी या जागेची माती त्यांनीच तपासली होती आणि 'नऊ मीटरवर कठीण दगड' या अहवालावर सही केली होती. त्या दगडाचा मुठीएवढा तुकडा सोसायटीच्या ऑफिसात कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेला असे. परबांविरुद्धचे तक्रारअर्ज त्याच्याखालीच साठत.

आता इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि कंपाउंडात पुन्हा बोअरिंगचं यंत्र आलं. देखरेखीला गंधाली नावाची तरुण इंजिनिअर होती. रोज सकाळी वैद्य खुर्ची टाकून तिच्याशी गप्पा मारत बसत. निवृत्त माणसाला आपल्या धंद्याचा आवाज ऐकायला बरं वाटतं.

चौथ्या दिवशी तिने लांबट लाकडी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. जमिनीतून निघालेले मातीचे आणि दगडाचे दांडके तिच्यात खोलीप्रमाणे ओळीने मांडले होते.

"काका, हे बघा ना. नऊ मीटरला दगड लागला, जुन्या रिपोर्टसारखाच. पण जाडी फक्त सव्वा मीटर! खाली परत चिखल, साडेचार मीटर. खरा काळा दगड पंधराच्या जवळ."

वैद्य वाकले. वरून भरावाची माती, मग खाडीचा करडा गाळ, मग तो दगड. शंखशिंपल्यांची वाळू चुन्याने घट्ट धरलेली. जुने लोक त्याला करळ म्हणतात. त्याखालच्या काळ्या चिखलात तिवरांची मुळं होती, अजून तपकिरी, अजून धाग्याधाग्यांची.

पुढचं त्यांना कुणी समजावायला नको होतं. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र बराच खाली होता आणि इथे तिवरांचं रान होतं. मग पाणी चढलं, रान बुडालं, त्याच्यावर वाळूचा किनारा आला. पाणी तिथे बराच काळ रेंगाळलं तेव्हा त्या वाळूचा दगड झाला. पुन्हा चढलं तेव्हा खाडीने वर गाळ आणून टाकला. समुद्र सरकतो तसा किनारा सरकतो आणि प्रत्येक मुक्कामाचा थर मागे ठेवतो. करळ म्हणजे असा एक मुक्काम, इमारतीचा पाया नव्हे. हे ते स्वतः नव्या पोरांना शिकवत आले होते.

"कोण होता यार हा माणूस?" गंधाली म्हणाली. "करळ लागला की तीन मीटर खाली जाऊन बघायचं ना! पायाचे सगळे पाईल पापडावर उभे केले. वाट लावली बिल्डिंगची."

"जुना अहवाल आहे तुझ्याकडे?"

"पहिलं पान फाटलंय, नाव नाही. जाऊ दे, पाडायचीच आहे ना. माझ्या रिपोर्टमध्ये जुन्याचा विषयच नाही."

वैद्य घरी आले आणि जेवले नाहीत.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. चतुर्थी तीन दिवसांवर. यंत्रावरची सगळी माणसं कोकणातली, संध्याकाळच्या एसटीची तिकिटं खिशात. नऊ मीटरला पातं खणखणलं आणि सगळे एका आवाजात ओरडले, "दगड लागलो!" वैद्यांनाही गिरगावातून मूर्ती आणायची होती. आणखी हातभर खणलं आणि त्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं. निघालेल्या तुकड्यात शिंपला दिसत होता. तो त्यांनी पाहिला होता. पाहूनही 'कठीण दगड' लिहिलं आणि तुकडा आठवण म्हणून खिशात टाकला.

रविवारी कंपाउंडात सभा होती. ठरावाचा मसुदा अध्यक्ष चंद्रप्रकाश यांनी आधीच सगळ्यांना पाठवला होता. त्यातली पहिलीच ओळ, 'तत्कालीन मुकादम श्री. परब यांच्या निकृष्ट कामामुळे इमारत धोकादायक झाली असून'. म्हणजे आजवर तोंडी होतं ते आता कायमचं कागदावर जाणार. वैद्यांनी गप्प राहायचं, एवढंच काम होतं. तीन दिवस त्यांनी ते करूनही पाहिलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

सभेत मसुदा वाचायला सुरुवात होताच ते उभे राहिले. ऑफिसातला तो तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला.

"ती ओळ काढा. परबांनी सिमेंट खाल्लं नाही. यात शिंपला दिसतोय बघा. हा दगड म्हणजे चिखलावरचा पापड आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी खाली खणलंच नाही. इमारत माझ्यामुळे कलली."

अध्यक्षांनी तुकडा उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग चंद्रप्रकाश म्हणाले, "अहो वैद्यकाका, जाऊ द्या हो. चूक कोणाकडून होत नाही? आणि आता पाडायचीच आहे." मागून कुणीतरी म्हणालं, "पण काका, मानलं तुम्हाला, उभं राहून सांगितलंत." एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. ओळ खोडली गेली आणि सभा पार्किंगच्या विषयाकडे वळली. परबांना पस्तीस वर्षांत जे मिळालं नाही ते वैद्यांना दोन मिनिटांत मिळालं. त्या टाळ्यांची त्यांना भयंकर लाज वाटली.

परब सभेला आलेच नव्हते. ते कधीच येत नसत. वैद्य तुकडा घेऊन तळमजल्यावर गेले आणि दारातच सगळं सांगून मोकळे झाले.

परबांनी शांतपणे ऐकलं. "माका म्हायत होता," ते म्हणाले. "एक पाईल ठोकताना दगड फुटलो नि खाली चिखल लागलो. तेव्हाच तुमका सांगलंय. तुमी म्हणालास, रिपोर्ट वाच."

वैद्यांना हे आठवत नव्हतं. आठवत नव्हतं, हे जास्त वाईट होतं.

"परब, मी तुमची माफी—"

"माझा काय नाय. मी बाप्या माणूस, भायर जाय, कामाक लागय." परब बाजूला झाले. आतल्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा, रुक्मिणीबाईंचा फोटो होता, हार घातलेला. "हिका हळदीकुंकवाक कोण बोलवी नाय. सिमेंटवाली म्हणत. दिवसभर ह्या घरात एकटीच बसा. मी तिका सांगय, माझी चूक नाय, तर म्हणायची, मग त्ये मोठे सायब खोटा कशाक सांगतीत?"

ते फोटोकडे बघत राहिले.

"माका नको सांगू," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वैद्यांना अरेतुरे केलं होतं. "हिका सांग."

वैद्यांनी चपला काढल्या. आत जाऊन तो तुकडा फोटोखालच्या फळीवर ठेवला आणि हात जोडले.

"वहिनी," ते म्हणाले, "तेव्हा चतुर्थी तीन दिवसांवर आली होती..."