न दिलेलं उत्तर

इटलीतल्या पिएत्राफोस्का गावच्या नगरपालिकेत बांधकाम परवान्यांचं टेबल सांभाळणारा एजिदियो लाकाव्हा कुणालाही 'नाही' म्हणत नसे. नको असलेला अर्ज तो खणात टाकायचा आणि विसरून जायचा. अर्जदार खेटे घालून दमायचा, एखादा मरायचाही. गावात नकार द्यायची रीतच ती होती, आणि त्यात कुणाशी वाकडं येत नसे.

सान्तोरो कंत्राटदाराला टेकडी मधोमध खोदून हॉटेल बांधायचं होतं. सरकारी नकाशावर ती टेकडी धडधाकट होती. दर हिवाळ्यात ती थोडी थोडी सरकते, हे फक्त गावाला ठाऊक. तिच्याच पायथ्याशी एजिदियोची थोरली बहीण पास्क्वालिना एकटी राहायची. पण सान्तोरो पडला महापौरांचा मेहुणा. एजिदियोने अर्ज खणात टाकला आणि बहिणीला सांगितलं, "लिना, तू निर्धास्त झोप."

रोमहून दर वर्षी कारभार सोपा करणारा एक कायदा यायचा आणि मागोमाग तो समजावणारी परिपत्रकं. ती वाचत बसायला वेड कुणाला लागलंय? यंदाच्या कायद्यात एवढंच होतं: मुदतीत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजावं.

मार्चमध्ये टेकडीवर जेसीबी चढला. एजिदियो धापा टाकत वर गेला.

"अरे, परवानगी कुणी दिली तुला?"

"तूच की! गप्प बसून," सान्तोरो खो-खो हसला. "देवमाणूस आहेस. चल, कॉफी पाजतो."

परवानगी रद्द करता येत होती, नाही असं नाही. पण कारणं लिहावी लागणार, खाली स्वतःची सही करावी लागणार, आणि तो कागद महापौरांच्या टेबलावरून जाणार. एजिदियोने दोनदा पेन उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. असल्या माणसाला बिचारा तरी कसं म्हणावं?

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. ती दारात रानभाजी निवडत बसली होती.

"लिना, थोडं सामान बांध. आमच्याकडे राहायला चल."

"किती दिवस?"

तो खाली बसून तिच्याबरोबर भाजी निवडू लागला.

"म्हणजे परवानगी रद्द करायचं तू लिहिणार नाहीस."

"महापौर आहेत गं मध्ये. माझी नोकरी..."

"बरं." तिने एक किडकं पान बाजूला टाकलं. "मी इथून हलणार नाही. आणि टेकडी खाली आली ना, तर मला उकरून काढायला तूच यायचं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही."