ओब्दुलियाच्या दंडावरची चकती

मी एक चकती आहे. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, पांढरी, दंडावर चिकटून बसणारी. माझ्या पोटातून केसासारखी एक बारीक तार निघते आणि माणसाच्या कातडीखाली राहते. तिथलं पाणी मी सतत चाखत असते आणि त्यात साखर किती आहे ते मोबाइलला कळवते. बोलणं माझ्या नशिबी नाही. मला येतो तो फक्त आकडा. आज मात्र बोलणार आहे, कारण माझं काम संपलंय आणि आता मला कोणी गप्प बसवू शकत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायचे, त्यामुळे आई कोण, बाप कोण, काही कळलं नाही. मग डबीत बंद झाले. डबी उघडली ती थेट मेक्सिको शहरात, एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, ओब्दुलियाच्या स्वयंपाकघरात. तिची मुलगी मारिक्रूस दूरच्या केरेतारो शहरातून रविवारी आली होती. तिने आईचा दंड पुसला, मला टेकवलं आणि दाबलं. टक्‌ असा आवाज झाला.

"झालं?" ओब्दुलियाने डोळे घट्ट मिटले होते.

"झालं, आई. दुखलं?"

"दुखलं नाही गं. पण हे काय, बैलाला बिल्ला मारतात तसं!"

ओब्दुलिया विधवा, साठीला टेकलेली, आणि धंदा काय, तर जेली विकण्याचा! रंगीबेरंगी जेलीचे पेले काचेच्या पेटीत मांडून ती रोज दुपारी चाळीच्या दारात बसायची. रोजच्या रोज एवढी साखर विरघळवायची आणि स्वतः बोट चाटायचं नाही, ही शिक्षा कोणाला सोसेल? तिला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. तो कशामुळे जडला, असं कोणी विचारलं, की ती ठामपणे सांगायची, "धसक्यामुळे. एका भूकंपात मी जिन्यात अडकले होते, तेव्हा रक्तात धसका बसला." डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं की ती मान डोलवायची आणि बाहेर आल्यावर पुन्हा धसक्याचंच सांगायची. चाळीत सगळ्यांचंच असं मत होतं. घाबरलं की साखर चढते, संतापलं की साखर चढते. त्यात तथ्य अगदीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण नेहमी तसंच होतं, असंही नाही. आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

मी दंडावर आले आणि ओब्दुलियाच्या मागे पहारा लागला. माझा आकडा तिच्या मोबाइलवर उमटायचा आणि तोच केरेतारोला मारिक्रूसच्या मोबाइलवरही. आकडा जरा वर गेला की फोन वाजलाच.

"आई, काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आई, खोटं बोलू नकोस. मला दिसतंय."

मारिक्रूस वाईट नव्हती. लांब राहणाऱ्या मुलीला जी काळजी पोखरते, ती तिला पोखरत होती. तिच्या वडिलांचा पाय याच आजाराने कापावा लागला होता, आणि त्यानंतर ते फार जगले नाहीत. म्हणून जाण्याआधी तिने चाळीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, "आईला गोड खाऊ देऊ नका. तिने कितीही मागितलं तरी नाही म्हणजे नाही."

हे सगळ्यांत जास्त मनावर घेतलं ते रमोनाने. रमोना समोरच्या खोलीत राहायची. मारिक्रूसला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघी बायका एकमेकींना बहिणीपेक्षा जवळच्या. जेली गोड झाली की नाही हे बघायला कोणीतरी चाखायला हवी, तर ते काम रमोनाने स्वतःकडे घेतलं.

"दे इकडे चमचा. चव मी बघते."

"रोज बघतेस! झगा शिवणीत उसवायला आलाय तुझा."

"तुझ्यासाठीच उसवतोय मेला! पुण्य लागेल मला."

कधी कधी ओब्दुलिया आतल्या खोलीत जाऊन दंडावर शाल ओढून घ्यायची आणि मग पेल्याच्या कडेला लागलेली जेली चाटायची. मी जणू साखर डोळ्यांनीच मोजते आणि शालीआडून मला दिसणार नाही! मला फार हसू यायचं. आणि वाईटही वाटायचं, कारण थोड्या वेळाने मीच तिची चुगली करणार हे मला ठाऊक असायचं. एकदा ती आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात पोलीस ठेवलाय माझ्या पोरीने." ते मला लागलं. मी पोलीस म्हणून आले नव्हते.

मग ती दुपार आली.

जेलीची पेटी खाली दारात मांडून झाली होती. ओब्दुलिया जेवायला वर आली. ताटात भात, कोंबडीचा रस्सा, फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या. नेहमीप्रमाणे तिने पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि घास उचलला. तोच रस्त्यावरचा भूकंपाचा भोंगा वाजला.

या शहरात तो भोंगा वाजला की कोणी विचार करत नाही, पाय आपोआप धावतात. घास ताटात टाकून ती निघाली. मोबाइल टेबलावर राहिला. जिना उतरेपर्यंत भिंती डोलायला लागल्या, दिव्यांच्या तारा झोके घेऊ लागल्या, आणि सगळी चाळ रस्त्याच्या मधोमध उभी राहून देवाचं नाव घेऊ लागली.

हलणं थांबलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण जिन्याशेजारच्या भिंतीला एक लांब चीर गेली होती. एवारिस्तो नावाचे पेन्शनर, पिवळं जाकीट आणि शिट्टी घेऊन कायम तयार असलेले, दारात आडवे उभे राहिले.

"तपासणीवाले येईपर्यंत कोणी आत जायचं नाही! कोणी म्हणजे कोणीच नाही!"

आता माझी अवस्था समजून घ्या. सुईतलं औषध अंगात भिनत होतं आणि पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. साखर उतरत होती. मी हाका मारत होते, पण मोबाइल वर टेबलावर. एवढ्या लांब माझा आवाज पोहोचत नाही. मी रस्त्यावर, भर गर्दीत, ओब्दुलियाच्या दंडावर बसून एकटीच ओरडत होते.

ओब्दुलियाला घाम फुटला. हात थरथरायला लागले.

"धसका बसलाय तिला," कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात पाववाला सायकलवरून आला. धसक्यावर पाव, हा इथला जुना उपाय. भूकंप झाला की प्रत्येकाने पावाचा तुकडा चावायचा, म्हणजे भीती पोटात उतरत नाही. सगळ्यांनी टोपलीत हात घातले. ओब्दुलियानेही घातला. रमोनाने तो पाव तिच्या हातातून काढून घेतला.

"तुला नाही गं बाई. आधीच घाबरलीयस, साखर चढली असणार. त्यात वर पाव?"

"दे मला," ओब्दुलिया म्हणाली.

"मारिक्रूसला शब्द दिलाय मी."

ओब्दुलिया आपल्या पेटीकडे वळली. रमोना आडवी आली. शेजारच्या दोन बायकांनीही तिला दंडाला धरलं, नेमकं मला धरलं! आणि तिच्या तोंडून अशी एक शिवी बाहेर पडली, की एवारिस्तोंच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. ती शिवी रमोनाला होती.

"बघा, संतापली! आता तर साखर आभाळाला भिडली असेल," एक बाई म्हणाली. "पाणी द्या फक्त. पाणी."

माझा जीव तुटत होता. एवढी सगळी माणसं, सगळी तिच्या भल्याची, आणि सगळी मिळून तिला मरणाकडे ढकलत होती. कोणाच्याही मनात पाप नव्हतं. रागवायचं तरी कोणावर?

ओब्दुलिया धडपडत पेटीपाशी पोहोचलीच. तिने कडीला हात घातला. ती कडी ती रोज पन्नासदा उघडायची, न बघता, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. आता तिला ती उघडेना. ती काच खरवडत राहिली, कडी कुठे आहे हेच तिला सापडेना.

रमोना शिवीने फुगून बाजूला उभी होती. तिने ते बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"ओब्दुलिया? अगं, माझ्याकडे बघ. मी कोण?"

ओब्दुलियाने अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा काच खरवडायला लागली.

"हा धसका नाही," रमोना म्हणाली. "आकडा बघायला हवा. मोबाइल कुठाय हिचा?"

मोबाइल वर होता. आणि रमोना भूकंपानंतर अंधार पडेपर्यंत कुठल्याही छपराखाली पाऊल ठेवत नाही, हे चाळीत पोरासोरांनाही माहीत होतं. पंच्याऐंशी सालच्या भूकंपात तिची थोरली बहीण पर्स आणायला म्हणून परत आत गेली होती. ती बाहेर आली नाही.

"बाई, वर जायचं नाही," एवारिस्तो म्हणाले. "भिंतीला चीर आहे."

"दिसतेय मला चीर. सरका."

"मी सांगतोय ना—"

"सरका, नाहीतर ओब्दुलियाची शिवी तुम्हाला देईन!"

ती आत गेली. मला पुढचं दिसलं नाही. नंतर तिने सांगितलं ते एवढंच, की जिन्याला धरून धरून ती वर गेली आणि अख्खा वेळ बहिणीशी मोठ्याने बोलत होती. इकडे ओब्दुलियाला लोकांनी पायरीवर बसवलं होतं आणि तिची मान कलायला लागली होती.

मोबाइल वाजतच होता. आकडे यायचे थांबले म्हणून मारिक्रूस केव्हापासून फोन करत होती. रमोना फोन कानाला लावून धापा टाकत जिना उतरली, अंगणात आली, दाराजवळ आली, आणि मला एकदम मोबाइल सापडला! इतका वेळ साठवलेलं सगळं मी एका दमात ओकून टाकलं. चव्वेचाळीस, म्हणजे सत्तरच्या धोक्याच्या रेषेपेक्षा कितीतरी खाली, आणि बाणही सरळ खालीच. मोबाइल किंचाळायला लागला.

"मावशी!" पलीकडून मारिक्रूसचा आवाज फाटला. "साखर द्या तिला! जेली द्या!"

"अगं, पण ती घाबरलीय, चढलेली असणार—"

"चढलेली नाही, उतरलीय! मावशी, जेली! आत्ता!"

रमोनाने फोन फेकला, पेटी उघडली आणि लालभडक जेलीचा पेला काढला. ओब्दुलियाचं डोकं छातीशी धरून तिने चमचा तिच्या ओठांना लावला. "गीळ. गीळ गं बाई माझी. ही चव तू बघ." पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. मग तिसरा. कोणीतरी दुकानातून सरबताची बाटली आणली.

माझा आकडा नेहमीच थोडा मागून येतो, कारण मी रक्त चाखत नाही, कातडीखालचं पाणी चाखते. म्हणून मी वर चढायला लागण्याआधीच ओब्दुलियाने डोळे उघडून विचारलं होतं, "रमोना, तू अशी पांढरी का पडलीयस?"

"वर जाऊन आले."

"कुठे वर?"

रमोनाने वर बोट दाखवलं. ती पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. आता धसका तिला बसला होता. ओब्दुलियाने पाववाल्याकडून पाव घेतला, मोडला, अर्धा रमोनाच्या तोंडात कोंबला आणि अर्धा स्वतः खाल्ला. या वेळी कोणी तिला अडवलं नाही.

"मी काही वेडंवाकडं बोलले का गं तुला?"

"पुन्हा म्हणायला लावू नकोस. चाळ आधीच तडकलीय."

पुढच्या रविवारी मारिक्रूस आली. आईच्या गळ्यात पडून तिने मनसोक्त रडून घेतलं. "मी सगळ्यांना वर चढलेल्या आकड्याची भीती घातली," ती म्हणाली. "खाली उतरतो तेव्हा काय करायचं, ते कोणालाच सांगितलं नाही." मग तिने सगळ्या चाळीला अंगणात बसवून शिकवलं. एवारिस्तोंनी दोनदा विचारून घेतलं.

माझी मुदत संपली होती. आमचं आयुष्यच मुळी दोन आठवड्यांचं. नव्या चकतीसाठी ओब्दुलियाने दुसरा दंड स्वतःहून पुढे केला, डोळे न मिटता. मला कचऱ्यात टाकणार, तोच रमोनाने मला उचललं.

"हिला कचऱ्यात? काहीतरीच काय!"

अंगणात देवमातेचा कोनाडा आहे. नवस फेडताना लोक तिथे चांदीचे छोटे हात, पाय, डोळे टांगतात. त्यांच्यात रमोनाने मला लाल फितीला बांधून टांगलं. आता मी काहीही मोजत नाही. समोर मेणबत्ती, वर फुलं, आणि दिवसभर चाळीची ये-जा.

रोज दुपारी ओब्दुलिया पेटी घेऊन खाली उतरते तेव्हा रमोना दारात असते. पूर्वी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, काय खाल्लंस. आता ती आधी मैत्रिणीचा चेहरा बघते, हात हातात घेते आणि विचारते, "कसं वाटतंय गं तुला?" उत्तर ऐकून घेते आणि मगच मोबाइलकडे बघते.

तुमच्या घरात कोणाच्या दंडावर माझी बहीण बसलेली असेल, तर माझं एवढंच मागणं आहे. ती तिचं काम चोख करेल, तिचा आकडा जरूर बघा. पण तिला आकड्यापलीकडे काही बोलता येत नाही. कसं वाटतंय, हे तिला कधीच विचारता येणार नाही. ते तुम्ही विचारा.