दिरांनी टाकलेली केबल

आमचं घरचं रेडिओ स्टेशन दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू येईना. गच्चीवरच्या अँटेनापर्यंतची केबल धाकट्या दिरांनी टाकलेली, त्यामुळे तिला नावं ठेवणं म्हणजे त्यांच्या मिशीला हात घालणं.

"वहिनी, मीटर बघा. अँटेना पॉवर घेत नसती तर ती खाली परत आली असती. येतेय परत? मग उगाच नाक खुपसू नका."

"भावजी, सांध्यातून पाणी शिरलंय. केबलच वाटेत पॉवर गिळतेय. खाली किती सोडतो आणि वर किती पोचते, ते मोजू या."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला."

पॉवर बंद करायला सांगून मी पान्हा घेऊन तणतणत गच्चीवर गेले. जे करायचं ते केलं आणि त्यांना फोन लावला. "आता सोडा पॉवर, मघाइतकीच. मीटर काय दाखवतोय?"

"मघाचंच. परत काही येत नाही. अँटेना सगळी घेतेय. झालं समाधान?"

"सगळी घेतेय ना? मग तुमच्या केबलचं टोक इथे माझ्या पायाशी सुटं का पडलंय, भावजी?"