तोतारामच्या छत्रीचा कावळा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी दुपारचा एक वाजून गेला तरी धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, ठेवलेल्या घासाला कावळा शिवला नव्हता. तो का येत नाही, हे असोद्यातल्या त्या घरात फक्त धुरपदाबाईंना ठाऊक होतं. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. मतं मात्र प्रत्येकाजवळ होती.

धुरपदाबाईंचे यजमान तोताराम मार्गशीर्षात गेले, म्हणून ही त्यांच्या नावाची पहिली घागर. नवी घागर भरून ठेवली होती, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी. घास धाब्यावर केळीच्या पानात वाढला होता: पुरणपोळी, आमरस, कुरडई, आणि तोतारामना आवडायचे म्हणून वडे जरा जास्तच. कावळ्यानं चोच लावल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. शेजारून दीर प्रेमराज आणि जाऊ सुलक्षणा आले होते, आणि साक्रीला दिलेली लेक कामिनी कालच माहेरी आली होती. चौघंही धाब्यावर पाण्याच्या टाकीजवळ उभे. टाकीची सावली दोघांना पुरेल एवढीच. ती प्रेमराज आणि सुलक्षणानं आधीच घेतली होती.

"दहाव्याले तर लगेच शिवला होता," सुलक्षणा म्हणाली. "लोकायनं चपला काढल्या नव्हत्या, तवर शिवला."

"माणसाले मांगून आठवते," प्रेमराज म्हणाला. "काही राह्यलं असंन दादाचं."

धुरपदाबाई खाली परसाकडे बघत होत्या. तिथं शेवग्याच्या फांदीला एक काळी वस्तू उलटी लटकत होती. दुरून पाहणाऱ्याला मेलेला कावळाच वाटावा. ती तोतारामची छत्री होती.

त्याचं असं झालं होतं. तोताराम गेल्यावर भेटायला येणारे पंधरा दिवस येत राहिले, मग निम्मे झाले, संक्रांतीनंतर कुणी येईना. फाल्गुनात परसातल्या न्हाणीवरच्या मधुमालतीत बुलबुलांची जोडी आली. काड्या, नारळाच्या काथ्याचा दोरा, सुलक्षणाच्या झाडूची एक काडी, असं करत दोघांनी वाटीएवढं घरटं केलं. धुरपदाबाईंचा संसार चाळीस वर्षं त्या परसात भांडी घासण्यात गेला, पण पाखरू असं कधी बघितलं नव्हतं. बघायला बसलं की आतून हाक यायची. आता हाक मारणारं कुणी नव्हतं. त्या पाट टाकून तासन्‌तास बसायच्या. कॅलेंडरवर गॅस लागल्याची तारीख लिहायची त्यांना सवय. तिथं त्यांनी 'दोन अंडी' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी कावळ्यानं दोन्ही नेली. धुरपदाबाई त्या दिवशी न्हाणीत बसून रडल्या. दहाव्याला रडल्या होत्या त्याहून जास्त. हे त्यांनी स्वतःशी नीट तोलून पाहिलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

जोडीनं पुन्हा घरटं बांधलं. त्याच वेलीत, हातभर आत. धुरपदाबाईंना पहूरचं माहेर आठवलं. भुईमूग पेरला की बाप एक मेलेला कावळा बांबूला टांगायचा. मग शेतात दुसरा कावळा उतरत नसे. मेलेला कावळा आणायचा कुठून? खुंटीला तोतारामची छत्री होती, दोन काड्या मोडलेली. तिचं कापड दोऱ्यानं आवळलं, पंख केले, दोन काड्या पायांसारख्या वर ठेवल्या आणि शेवग्याला टांगलं. शिवाय बेचकी आणि खड्यांचा डबा पाटाजवळ. आठ दिवसांत कावळ्यांनी ते घरच सोडलं.

तीन अंडी झाली. दहा तारखेला फुटली. आज एकोणीस. पिल्लांना पिसं आली होती, घरट्यात मावत नव्हती. अजून दोन दिवस, फार तर तीन.

"काही बोलून पाहा," सुलक्षणा नवऱ्याला म्हणाली. "वचन दिल्याबिगर येत नही कावया."

प्रेमराज जणू त्याचीच वाट पाहत होता. त्यानं हात जोडले. "दादा, तुमच्या मनात होतं, परसात शेड टाकायचं. मले बोलले होते तुम्ही. ते काम मी करीन. माही गाडी बी उभी राहीन, वहिनीले बी सोबत होईन."

तोतारामनी शेडचं नाव हयातीत कधी काढलं नव्हतं. प्रेमराजनं मात्र दहाव्यापासून पाच वेळा काढलं होतं. धुरपदाबाईंकडे त्याची मोजदाद होती.

कावळा आला नाही.

"वड्यायसाठी जीव अडकला असंन," सुलक्षणा म्हणाली. "आपलं ताट संपलं की अक्काच्या ताटातलं उचलायचे. लगन झालं तवापासून पाह्यते मी. किती जीव होता."

"होता खरा," धुरपदाबाई म्हणाल्या. "वड्यावर."

आता कामिनीचा चेहरा उतरला. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. "नाना," ती आभाळाकडे बघून म्हणाली, "आईची काळजी नका करू. मी तिला साक्रीला नेते. हे घर बंद करून टाकू. पण जेवा हो नाना. तुम्ही उपाशी कधी राहिला नाहीत." आणि ती रडायला लागली. अगदी लहानपणी रडायची तशी, नाक वर ओढत.

एकीकडे शेड, दुसरीकडे साक्री. धुरपदाबाईंना कावळा येत नव्हता तेच बरं वाटत होतं. पण लेकीचं नाक ओढणं त्यांना ऐकवेना. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. छत्री पाच मिनिटं काढायची. कावळा येईल, धाब्यावर उतरेल, समोर एवढे वडे आहेत. वड्यानं पोट भरल्यावर तो वेलीत कशाला शिरेल? घास घेतला की लगेच छत्री परत लावायची.

"थांबा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

छत्री पदराखाली घेऊन वर आल्या, पण तिची काडी बाहेर दिसतच होती.

"ही नानांची छत्री ना?" कामिनीनं विचारलं.

सुलक्षणानं परसाकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. अशा गोष्टी तिला लवकर कळायच्या. "अगं माय, अक्का. त्यायच्याच छत्रीनं त्यायले भेव दाखवलं? काहून?"

"पाखरायसाठी," धुरपदाबाई म्हणाल्या.

"पाखरायसाठी नवरा उपाशी ठेवला," प्रेमराज हळूच म्हणाला. हे वाक्य आता गावभर किती घरी जाईल, तेही धुरपदाबाईंनी मोजून ठेवलं.

तेवढ्यात कावळा आला. आधी विजेच्या तारेवर बसला, मान वाकडी करून शेवग्याकडे पाहिलं, मग धाब्यावर उतरला. त्यानं पोळी सोडली, कुरडई सोडली, नेमका वडा उचलला.

"दादाच," प्रेमराज म्हणाला आणि त्यानं हात जोडले. कामिनी रडता रडता हसली.

वडा गिळून कावळा पुन्हा तारेवर बसला. खाली मधुमालतीत बुलबुल अळी घेऊन शिरला आणि पिल्लांनी चिवचिवाट केला. कावळ्यानं मान वळवली.

धुरपदाबाईंनी धाब्यावरचा विटेचा तुकडा उचलला. कावळा वेलीवर उतरला होता. त्यांचा हात वर गेला आणि कामिनीनं तो मनगटाशी धरला.

"आई, आज नको. नाना आहेत ते."

"सोड, कामिनी."

"आजच्या दिवशी दगड मारू नको गं. पाया पडते."

लेकीच्या हातात जोर होता. कावळा वेलीत शिरला आणि एक पिल्लू घेऊन बाहेर आला. दोन्ही बुलबुल त्याच्या डोक्यावर झेपा घालत, ओरडत कडुलिंबापर्यंत गेले. तो परत आला. दुसरं नेलं. परत आला. प्रेमराज आणि सुलक्षणा हात जोडून उभे होते, आणि ते हात तिसरं पिल्लू जाईपर्यंत जोडलेलेच होते.

"पाह्यलं, वहिनी?" प्रेमराज म्हणाला. "तिनदा गेले दादा त्या कोपऱ्यात. जागा दाखवून राह्यले. तो वेल निंघाला पाहिजे, असं म्हणनं हाये त्यायचं."

कामिनीनं मनगट सोडलं. तिथं तिच्या बोटांचे वळ होते. धुरपदाबाईंनी विटेचा तुकडा होता तिथं नीट ठेवला.

"तुमचे दादाच ते, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता मले शंका नही. माह्या ताटातलं उचलल्याबिगर त्यायचं जेवन कधी झालंच नही."

सगळ्यांना भूक लागली होती. खाली पंगत बसली, धुरपदाबाईंनी वाढलं. प्रेमराजनं रस तीनदा घेतला. परसात बुलबुल ओरडत होते. सुलक्षणा म्हणाली, कसं गोड बोलतात नाही पाखरं.

ऊन उतरल्यावर प्रेमराज मोजायची टेप घेऊन आला. "नुसतं माप घेऊन ठेवतो," म्हणाला. "कामिनी, जरा टोक धर व बाई." काकानं सांगितलं म्हणून कामिनीनं न्हाणीच्या भिंतीशी टोक धरलं.

धुरपदाबाई घरातून छत्री घेऊन आल्या. पाटावर चढल्या आणि ती शेवग्याला पुन्हा बांधायला लागल्या. मधूनच सुटणारी गाठ त्यांनी दातानं ओढली.

"आता काय राह्यलं तिथं, वहिनी?" प्रेमराज हसला. "कोनासाठी बांधता?"

"मी राह्यली हाये ना."

कामिनीनं आईकडे पाहिलं, आणि तिच्या हातातून टोक सुटलं. टेपची पट्टी खडखडत प्रेमराजच्या हातातल्या डबीत परत गेली. त्यानं एकदा डबीकडे पाहिलं, एकदा शेवग्याकडे, आणि "उद्या पाहू" म्हणून घरी गेला.

बुलबुलाची मादी चोचीत अळी घेऊन तारेवर बसली होती. ती वेलीत शिरली, तशीच अळी घेऊन बाहेर आली, पुन्हा शिरली. अंधार पडेपर्यंत धुरपदाबाई पाटावर बसून होत्या. ती अकरा वेळा आत गेली.